कडू लावायचा दिवस

देवबाग, मालवण
गणपती गेले, त्यानंतरचा सोमवार

प्रिय हिरा,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी अंगणात बांगडे साफ करत बसले होते. हात धुऊन उघडलं, तरी एक कोपरा ओला झालाच. तुझं दुखणं गेलं, छातीचा फोटो स्वच्छ आला, आता पोराला जवळ घ्यायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, हे वाचून मी तिथेच देवाला हात जोडले. खरंच जोडले गो. मग पुढची ओळ वाचली. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बोटीने तुझे दत्ताराम येतील, तोवर सहदेवचं अंगावरचं दूध तोडून ठेव, कोरफड लाव म्हणजे दोन दिवसांत सोडेल, असं तू लिहिलंयस. वा गो बाई वा! तिकडे मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला बरी शिकलीस. कोरफड लाव म्हणे. जशी काही मी भिंतीला चुना लावणार आहे.

मी थोरली, म्हणून तुला रागावायचा मला हक्क आहे. आणि आज मी मोकळेपणाने रागावणार आहे, कारण हा राग नाहीच मुळी. मी जळते तुझ्यावर. आजची गोष्ट नाही ही. आरोंद्याला खाडीच्या कडेने आपल्या बागेच्या दगडी गडग्यावर कोरफड माजलेली असायची, आठवते ना? दर रविवारी आई मला ती आणायला पिटाळायची, "सत्यवती, कोरफड काढून हाड." पातं कापायचं मी, पिवळा चीक निथळायला उभं करून ठेवायचं मी, काटे काढून गर खरवडायचा मी, आणि खोबरेल तेलात तो चुरचुरेपर्यंत ढवळत चुलीपुढे बसायचं तेही मीच. आणि तेल कुणाच्या डोक्यावर? तुझ्या. गुडघ्यापर्यंत केस तुझे. मी वेणी पुढे केली तर आई हसायची, म्हणायची, "ह्या उंदराच्या शेपटेक कित्याक तेल फुकट घालवतस?" सगळे हसायचे, मीपण हसायची. रात्री जेवताना माझा प्रत्येक घास कडू लागायचा, नखांत चीक राहिलेला असायचा म्हणून. तू मात्र मिटक्या मारत जेवायचीस. पुढे शाळाही तशीच. आईला घरात हाताखाली कुणीतरी हवं म्हणून मी चौथीत थांबले आणि तू सातवी झालीस.

आता तू लिहितेस, दवाखान्यात केस गळून विरळ झाले, तेलाची एक बाटली करून ठेव. खोटं कशाला सांगू? ते वाचल्यावर मला आधी बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. मग तुझं ते डोकं डोळ्यांपुढे आलं आणि दुपारचं जेवण मला गेलं नाही. बाटली भरून ठेवली आहे. गर भरपूर घातलाय, तेल हिरवट दिसेल, घाबरू नकोस.

पण केस म्हणजे काय, केस येतील पुन्हा. मी तुझ्या पोरावरून जळते आहे, हे तुला कळायला हवं.

दत्ताराम त्याला घेऊन आले तेव्हा तो दीड महिन्याचा होता. बोटीतून लहान पडावात, पडावातून वाळूवर, सगळीकडे तो टॉवेलात गुंडाळलेला, आणि तिथून आमच्या घरापर्यंत किंचाळत आलेला. माझी शेवंती तेव्हा चार महिन्यांची. मी गाईचं दूध सांगून ठेवलं होतं. वाटीने पाजलं, बोळ्याने पाजलं, सगळं ओकला. शेवटी मी त्याला उचलला आणि छातीशी धरला. तू कल्पना करशील की मला तेव्हा मायेचा उमाळा आला असेल. छे! मला तो मुळीच आवडला नव्हता. दत्तारामांसारखे बाहेर आलेले कान, आणि दूध असं ओढायचा की जसा काही कुणी त्याच्या हातचं हिसकावून घेणार आहे. माझ्या लेकीच्या वाटणीचं ओढतो म्हणून मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. सासूबाई मात्र त्याच दिवशी मुळासकट कोरफड उपटून आल्या आणि काळ्या दोऱ्याने दारावर उलटी टांगली, दोन पोरं अंगावर पिणार, नजर लागू नये म्हणून. "एका अंगार दोन पोरां," म्हणाल्या, "लोकांची दिष्ट लागतली." ती कोरफड माती नाही, पाणी नाही, तशीच हिरवी राहिली.

कधी आवडायला लागला ते मला सांगता येणार नाही. गेल्या पावसात त्याला खोकला झाला, तेव्हा मात्र कळून चुकलं. हे तुला कळवलं नव्हतं. तुझाच हुकूम होता ना, की त्याला खोकला झाला तर मला लिहू नका, मी मरून जाईन. मग नाही लिहिलं. आज लिहिते. तो खोकला ऐकून माझ्या पायाखालची वाळू सरकली. तुझं ते दुखणं दीड महिन्यात त्याच्या छातीत उतरलं असेल का, एवढा एकच विचार. भर पावसात होडीने मालवणला नेला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून लावून पाहिलं आणि साधी सर्दी आहे म्हणाले. तरी घरी आल्यावर सासूबाईंनी कोरफडीचं पातं निखाऱ्यावर भाजून पिळलं, त्यात हळद आणि मध घातला. त्यांच्या हातून त्याने ते भुर्रकन उडवलं, माझ्या लुगड्यावर सगळे पिवळे डाग. मग मी माझ्या बोटाला लावून दिलं तर चाटून गिळलं. वाईट तोंड केलं, पण गिळलं. माझ्या बोटाचं तो काहीही गिळतो गो हिरा. तेव्हा मी देवाजवळ तुझ्या नावाने काही मागितलं नाही. माझ्या नावाने मागितलं.

तू त्याचं नाव सहदेव ठेवलंस. तुझ्या सासऱ्यांचं नाव, मानाचं नाव, मी काय बोलणार? पण इथे सहदेव म्हणून हाक मारलीस तर तो मागे वळूनही बघत नाही. इथे तो बाबलो. आणि मला आये म्हणतो. शेवंती म्हणते म्हणून म्हणतो, असं मी सगळ्यांना सांगते. तू पाठवलेला फोटो सासूबाई त्याला दाखवतात, मी दाखवते कधी, कधी नाही दाखवत. "ही बघ, मुंबयची आवस," असं त्या सांगतात. त्याने त्यातली आई सोडली आणि एकच शब्द उचलला. फोटो दिसला की बोट दाखवून म्हणतो, "मुंबय." तुला हसू येईल की रडू, मला माहीत नाही. मला हसू आलं होतं, आणि मी ते लपवलंही नाही.

तुला वाटेल, आपली थोरली बाय किती दुष्ट झाली. तर हेही ऐक. मागच्या महिन्यात विहिरीवर शेजारची सुभद्रा बाबल्याचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो म्हणतत, ता काय खोटा नाय." चांगल्या मनाने म्हणाली बिचारी, माझं कौतुकच करत होती. मी कळशी अशी आपटली की तिला पोचा आला, आणि सुभद्रेला म्हटलं, माझी बहीण मेली बिली नाही, पुन्हा ही म्हण माझ्या दारात काढलीस तर बघ. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. हिरा, तू बरी व्हायला हवी होतीस, आणि पोरगाही मला हवा होता. दोन्ही एकाच वेळी हवं होतं. तुझ्यासाठी सातेरी देवीला नवस बोलायला जायची आणि परत येताना वाटेत मनात यायचं, नवस फळला तर हा जाणार. तरी दुसऱ्या मंगळवारी पुन्हा जायची. यापेक्षा जास्त मी तुझ्यासाठी काय करायला हवं होतं?

आता कोरफडीचं ऐक, कारण तू लिहितेस तसं ते सोपं नाही.

शेवंतीचं दूध मी इथल्या गडग्यावरच्या कोरफडीने तोडलं. सकाळी पातं कापलं, पिवळा चीक लावला, ती आली, एकदा तोंड लावलं, थू करून थुंकली, माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला फसवलं, आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसली. संपलं. पुन्हा पदराला हात नाही. सासूबाईंनी नातीचं कौतुक केलं, "चेडू शाना." मलाही वाटलं, बाबल्याचंही असंच होईल. पण मधे एक गोष्ट झाली होती.

वैशाखात आमच्या ह्यांचे हात सोलले होते. रापणीला जाळं जड आलं, वाळूवरून दोर ओढता ओढता ह्यांच्या हातून सटकला आणि दोन्ही तळव्यांची साल घेऊन गेला. मी कोरफडीची पाती उभी चिरून हातांवर बांधायची. गार वाटायचं त्यांना. दोन्ही पोरं समोर बसलेली असायची. ह्यांनी त्यांना शिकवलं, फुंकर घाला, म्हणजे लवकर बरं होईल. शेवंती दोनदा फुंकून कंटाळली. बाबलो मात्र गाल फुगवून, थुंकी उडवत, दम लागेपर्यंत फुंकायचा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की ज्याला लागलंय त्याला कोरफड लावायची. पायाला ठेच लागली तरी लंगडत लंगडत गडग्याकडे जातो आणि पात्याला बोट लावतो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वार बघून दिला आणि मी कोरफड लावली. पिवळा चीक, चांगला दाट. तो अंगणातून खेळून आला, वाळूने माखलेला, सवयीने मांडीवर चढला, पदर सारला. तोंड लावलं. ओठ वाकडे केले. मी वाट बघत होते की आता थुंकेल, आता रडेल, आता आजीकडे जाईल. त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. मग पुन्हा खाली बघितलं. चीक दिसला, वास ओळखला. आणि हिरा, त्याने गाल फुगवले आणि फुंकर घालायला लागला. त्याला वाटलं, मला लागलंय. बराच वेळ फुंकत बसला. मग माझ्याच पदराने पुसलं, हळू, जसं मी त्याचं नाक पुसते तसं. आणि कडू तोंड करून, डोळ्यांत पाणी आणून प्यायला.

मी काय करायला हवं होतं, तू सांग. तू सातवी शिकलेली आहेस.

सासूबाई चुलीकडून बघत होत्या. त्या उठून परसात गेल्या ते परत येईनात. मी गेले तर केळीच्या बुंध्यापाशी डोळे पुसत उभ्या. पण माणूस करारी. दोन दिवसांनी म्हणाल्या, अजून दाट लाव. लावला. त्याने तोही चाटून साफ केला, आणि मग त्याचं पोट असं सुटलं की दोन दिवस पेजेच्या पाण्याशिवाय काही ठरेना. तो चीक पोटात गेला की जुलाब होतात, हे मोठ्या माणसांना औषध म्हणून देणाऱ्या त्यांना माहीत होतं, पण पोर एवढं चाटेल असं कुणाला वाटणार? पोर मलूल झालं. आता बरा आहे, काळजी करू नकोस, काल रापणीवर बांगडा शेपटीला धरून सगळीकडे मिरवत होता. पण मी कोयती फेकून दिली आणि सांगितलं, माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. सासूबाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तो सोडतलो कसो गो? तुकाच सोडूचा नाय."

खरं आहे त्यांचं. मला सोडायचा नाही. तुझ्या पत्रात सगळं कसं नीट आखलेलं आहे. कडू लावायचं मी. त्याने रडायचं ते माझ्या नावाने. त्याने रुसायचं ते माझ्यावर. मग दत्तारामांनी त्याला बोटीत घालायचा, आणि तू तिकडे बिस्किटाचा पुडा घेऊन दारात उभी. कडू ते सगळं बायच्या वाटणीला आणि गोड ते तुझ्या. आरोंद्यापासून हेच चालत आलंय. तू मुद्दाम करत नाहीस, मला माहीत आहे. तुला कधी मुद्दाम करावंच लागलं नाही. परवा ह्यांनाही मी हे सगळं बोलून दाखवलं. ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "ता खरा. पण पोर तिचा आसा." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "आता माझ्या हातार फुंकर कोण घालतलो?" मी तिथून उठले.

रागाच्या भरात मी मनात काय काय ठरवलं तेही सांगते. ठरवलं, लिहावं की पोराची तब्येत ठीक नाही, पुढच्या वर्षी न्या. ठरवलं, लिहावं की मुंबईची हवा त्याला मानवणार नाही. एकदा तर वाटलं, लिहावं की तुझ्या छातीचा भरवसा काय, पुन्हा उलटलं तर? लेखणी घेऊन बसलेही. पण मग मनात आलं, तू ज्या दिवशी बोटीच्या वेळी दत्तारामांच्या हाती त्याला दिलंस, त्या दिवशी तुलाही छातीला फडकं घट्ट बांधून घ्यावं लागलं असेल ना. दूध आटेपर्यंत तू त्या दवाखान्याच्या खाटेवर काय केलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. तूही लिहिलं नाहीस. मी इथे त्याला पाजत होते तेव्हा तूही जळत असशीलच माझ्यावर. रोज. आणि तरी दर पत्रात तू माझ्याकडे आशीर्वाद मागत होतीस. म्हणून ती पत्रं लिहिली नाहीत, आणि हे लिहिते आहे.

तर आता मी सांगते तसं कर. दत्तारामांना पाठवू नकोस, तू स्वतः ये. बोटीचा वारा लागेल म्हणशील तर कानाला फडकं बांध, डॉक्टरांना विचार, पण ये. आमचे हे पडाव घेऊन तुला उतरवून घ्यायला येतील. तू घरात पाऊल ठेवशील तेव्हा मी नसेन. बाबल्याला सासूबाईंपाशी ठेवून, शेवंतीला घेऊन मी सकाळीच आरोंद्याला आईकडे गेलेली असेन. रागावून नाही गो. मी समोर असले तर तो तुझ्याकडे येणार नाही, आणि आलाच तर मला बघवणार नाही, म्हणून. आतल्या खोलीत खुंटीवर माझं हिरवं लुगडं असेल, मुद्दाम न धुतलेलं, चार दिवस अंगावर वागवलेलं. आल्या आल्या ते नेस. मासळीचा वास येईल, नाक मुरडू नकोस. झोप आली की तो डोळे मिटून वासावर येतो, तेव्हा माणूस कोण ते बघत नाही. तुझ्या पदरात तोंड घालील, शोधील, काही मिळणार नाही. मग रडेल. कोरफड लावू नकोस, त्याला आये म्हणून थोपट आणि ते रडणं तू ऐक. ते तुझ्या वाटणीचं आहे, मी ते ऐकणार नाही. रडून रडून तो तुझ्या खांद्यावर झोपेल, आणि सकाळी पेज मागेल, तेव्हा समज की झालं. मग त्याला घेऊन जा. तुमची बोट सुटली असा निरोप आला की मी घरी येईन. लुगडं मात्र मुंबईला नेऊ नकोस. होतं तसंच खुंटीला अडकवून जा. आणि हिरा, जाताना ते धुऊ नकोस.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
बाय